‘योग्य काम’ या कल्पनेचा इतिहास : अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचा एक विचार

१. विषय आणि त्याचे शब्द

अपंगांच्या प्रश्नावर मराठीत जे लेखन आढळते त्याचा बराचसा भाग शिक्षण, उपचार व सेवाभाव यांविषयीचा आहे. अपंग व्यक्तीला प्रत्यक्ष काम कसे मिळते, मिळालेले काम कसे टिकते, आणि ते मिळवून देण्यासाठी उभ्या केलेल्या यंत्रणेची घडण कोणत्या कल्पनांवर झाली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. या यंत्रणेला ‘व्यावसायिक पुनर्वसन’ असे नाव आहे आणि तिचे वय शंभर वर्षांहून थोडे अधिक आहे. एवढ्या अवधीत ती कोठे यशस्वी झाली व कोठे अडखळली हे पाहू गेल्यास एक सूत्र हाती लागते; ते मांडावे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सूत्र असे : अमुक व्यंगाला अमुक धंदा योग्य, अशी यादी जेथे या सेवेने केली तेथे ती यादी माणसांच्या आधी म्हातारी झाली, आणि जेथे तिने एक माणूस व एक काम यांची समोरासमोर गाठ घालून दोहोंचीही तपासणी केली, तेथे तिच्या हातून टिकाऊ कार्य झाले.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. या निबंधात ‘अपंग’ हा शब्द त्या त्या काळच्या व्यवहारात रूढ होता म्हणून योजला आहे. इ. स. २०१६ पासून केंद्र सरकारच्या व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला, आणि महाराष्ट्र राज्यानेही २०२२ साली दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्रपणे स्थापन केला. नावाचा हा वाद महत्त्वाचा असला तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा शब्द ‘पुनर्वसन’ हा आहे.

युरोपीय भाषांत यासाठी जो ‘रिहॅबिलिटेशन’ शब्द वापरतात तो लॅटिनमधील ‘हॅबिलिस’, म्हणजे लायक किंवा समर्थ, या विशेषणावरून सिद्ध झाला आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा उपयोग गेलेले पद, हक्क वा प्रतिष्ठा परत बहाल करणे, अशा कायदेशीर अर्थाने होत असे. शरीर पूर्ववत कार्यक्षम करणे हा त्याचा अर्थ पुष्कळच अलीकडचा आहे. मराठी ‘पुनर्वसन’ हा शब्द मात्र ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला. फाळणीनंतरचे निर्वासित, १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरे गमावलेले पुणेकर, कोयनेपासून पुढे प्रत्येक धरणाखाली गावे गेलेले शेतकरी, यांच्या संदर्भात हा शब्द आपल्या कानांवर रुजला. परिणामी ‘पुनर्वसन’ म्हटले की मराठी मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘यांना कोठे वसवावयाचे?’ हा. ‘यांचा कोणता हक्क परत करावयाचा?’ हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतही नाही. ‘व्यवसाय’ शब्दाची गतही अशीच आहे. संस्कृतात निश्चय, उद्यम असे अर्थ असलेला हा शब्द मराठीत कधी पेशा तर कधी दुकानदारी सुचवितो. त्यामुळे ‘व्यावसायिक पुनर्वसन’ म्हणजे एखादी टपरी किंवा कर्ज मिळवून देणे, असा समज सहज होतो. शब्दांनीच धोरणे घडतात असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु धोरणांतील उणीवा शब्दांच्या आडोशाने दीर्घकाळ लपून राहू शकतात, एवढे निश्चित म्हणता येईल.

२. युद्धाने जन्मास घातलेली सेवा

ही सेवा दयेतून जन्मली नाही; ती युद्धातून जन्मली. पहिल्या महायुद्धात हातपाय वा दृष्टी गमावून परतलेल्या सैनिकांचे काय करावयाचे, हा प्रश्न सर्वच लढाऊ राष्ट्रांपुढे एकदम उभा राहिला. हे लोक तरुण होते, कालपर्यंत कमावते होते, आणि त्यांच्याविषयी राष्ट्राला काही देणे लागत होते. इंग्लंडमध्ये आर्थर पिअर्सन यांनी १९१५ साली अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. हिंदी सैनिकांसाठी अशीच संस्था १९१७ साली मुंबई येथे लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाली आणि तिला क्वीन मेरी यांचे नाव देण्यात आले. ही औद्योगिक शिक्षणसंस्था पुढे पुण्याजवळ खडकी येथे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. म्हणजे एका ठिकाणी सैनिकाला पाय मिळावा आणि दुसऱ्या ठिकाणी हाताला धंदा मिळावा, अशी सोय पुणे परिसरात स्वातंत्र्याच्या आधीच झालेली होती. महाराष्ट्रातील व्यावसायिक पुनर्वसनाचा इतिहास लिहिताना या लष्करी उगमाची नोंद पहिल्या पानावर करावी लागेल.

अंधांच्या बाबतीतही हेच घडले. १९४३ मध्ये डेहराडून येथे युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सचे केंद्र सुरू झाले. त्याचे प्रमुख क्लुथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे असून स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले होते. या केंद्राच्या परंपरेतूनच १९५० साली प्रौढ अंधांचे सरकारी प्रशिक्षण केंद्र डेहराडूनला उभे राहिले.

नागरी क्षेत्रात ही कल्पना नेण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावे लागते. तेथे १९१८ साली सैनिकांसाठी व लगेच १९२० साली नागरिकांसाठी कायदा झाला. हा दुसरा कायदा स्मिथ-फेस कायदा म्हणून प्रसिद्ध आहे. केंद्राने व घटक राज्याने खर्च निम्मा निम्मा सोसावा, अशी त्याची योजना होती. त्यातील व्याख्या अभ्यासण्याजोगी आहे. शारीरिक व्यंगामुळे मोबदल्याच्या कामास जो अंशतः वा पूर्णतः असमर्थ झाला आहे, किंवा होण्याचा संभव आहे, तो अपंग. आणि त्याला असे काम करण्यास समर्थ करणे म्हणजे पुनर्वसन. येथे शरीराची मोजणी कामाच्या संदर्भातच केलेली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या कायद्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. मानसिक व्यंग त्याच्या कक्षेबाहेर होते, आणि शस्त्रक्रिया किंवा उपचार यांवर त्यातील पैसा खर्च करता येत नव्हता. या दोन्ही उणीवा १९४३ च्या दुरुस्तीने दूर झाल्या. तोपर्यंत सेवेचा भर शिकविण्यावर राहिला. धंदा शिकविला की काम आपोआप मिळेल, अशी ही श्रद्धा होती. आपल्याकडील अंधशाळा व उद्योगगृहे यांचीही श्रद्धा बहुधा हीच होती.

३. राखीव धंद्यांची गोष्ट

शिकविलेला माणूस कारखान्याच्या दारातून परत येऊ लागला तेव्हा दुसरा उपाय पुढे आला, तो म्हणजे काही धंदे राखून ठेवण्याचा. याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. टॉमलिन्सन समितीच्या अहवालावरून तेथे १९४४ साली अपंगांच्या नोकरीविषयी कायदा झाला. वीस वा अधिक नोकर ठेवणाऱ्या मालकाने तीन टक्के जागा नोंदणी झालेल्या अपंगांना द्याव्यात, असे त्यात ठरले. त्याशिवाय दोन धंदे अपंगांसाठी खास राखून ठेवण्यात आले : विजेच्या लिफ्टवरील माणूस आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरील राखणदार.

त्या काळी ही निवड शहाणपणाची वाटली असली पाहिजे. दोन्ही कामे बसून करता येण्याजोगी होती, मोठमोठ्या शहरांत त्यांना मागणी होती, आणि फारसे शिक्षण लागत नव्हते. परंतु बटण दाबून प्रवाशानेच चालवावयाची लिफ्ट आली, पैसे घेणारे यंत्र आले, आणि राखीव धंदा राखण्याजोगा उरला नाही. तीन टक्क्यांच्या नियमाची अंमलबजावणीही इतकी सैल होती की अर्ध्या शतकात शिक्षा झालेले मालक हाताच्या बोटांवर मोजता यावेत. अखेर १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्याने ती पद्धत रद्द झाली.

आपल्याकडील अनुभव याहून वेगळा नाही. अंध व्यक्ती म्हटली की वेताच्या खुर्च्या विणणे, मेणबत्त्या करणे, दूरध्वनीच्या फलकावर बसणे. पायाने अधू व्यक्ती म्हटली की शिवणकाम, घड्याळदुरुस्ती, आणि मागाहून सार्वजनिक दूरध्वनीचे केंद्र : अशी एक अलिखित सूची अनेक वर्षे व्यवहारात होती. यांतील एकही काम हलके नाही, आणि या कामांवर असंख्य कुटुंबे जगली हे नाकारता येणार नाही. पण प्लास्टिकच्या खुर्चीने वेताची खुर्ची हटविली. स्वयंचलित फलकाने कार्यालयातील दूरध्वनीचालकाची जागा घेतली. चौकाचौकांतील एस.टी.डी. बूथ अपंगांना प्राधान्याने दिले जात. प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी येताच काही वर्षांतच ते ओस पडले. यंत्राने माणसाचे काम घेणे ही गोष्ट सर्वांच्याच वाट्याला येते, असा आक्षेप यावर घेता येईल. तो खरा आहे. परंतु इतर कामगार एका धंद्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याच्या मार्गात कोणी सूची धरून उभा नसतो. ज्याला हेच काम ‘योग्य’ म्हणून ठरवून दिले गेले, त्याचे काम गेल्यावर तो स्वतःच ‘अयोग्य’ ठरतो. यादीचा खरा दोष हा आहे.

हाच दोष सरकारी जागांच्या बाबतीत कायद्याच्या भाषेत शिरला. केंद्र सरकारने १९७७ साली खालच्या दोन वर्गांतील नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने हे आरक्षण कायदेशीर पायावर आणले : अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, आणि अस्थिव्यंग व मस्तिष्काघात या तीन गटांना प्रत्येकी एक टक्का. मात्र त्याच कायद्यात अपंगांना देण्याजोगी पदे ‘निश्चित’ करण्याची तरतूद होती. टक्केवारी एकूण जागांवर मोजावयाची की केवळ निश्चित केलेल्या पदांवर, असा वाद माजला. यादी जितकी आखूड तितका तीन टक्क्यांचा अर्थ लहान, असे त्याचे अंकगणित होते. १८ वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय अंध महासंघाच्या प्रकरणात निर्णय दिला की आरक्षणाची मोजणी संवर्गातील एकूण रिक्त जागांवर झाली पाहिजे. एका शब्दाने अठरा वर्षे किती दारे लावून घेतली असतील, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने अवश्य करावा.

४. एक माणूस, एक काम

यादीच्या विरुद्ध टोकाला जी पद्धत विकसित झाली तिचे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५५ सालच्या ९९ क्रमांकाच्या शिफारशीत सापडते. व्यवसाय-मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि निवडक नेमणूक या तीन सेवा तिने एका साखळीत बसविल्या. ‘निवडक नेमणूक’ ही तिसरी कडी निर्णायक आहे. माणसाला काय येत नाही हे पाहून काम ठरविणे, ही जुनी रीत होती. त्याला काय येते आणि अमुक कामाला प्रत्यक्षात कशाची गरज लागते, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहणे, ही नवी रीत होय. एखादे काम उभ्यानेच केले जात असले तरी उभे राहणे ही त्या कामाची गरज असते असे नाही. ती केवळ सवय असू शकते. गरज आणि सवय यांतील हा भेद ओळखणे, हेच नेमणूक अधिकाऱ्याचे मुख्य कौशल्य आहे.

भारतात या पद्धतीचा प्रारंभ मुंबईतच झाला. १९५२ मध्ये तेथे राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली होती. १९५५ मध्ये हाजी अली येथे शारीरिक उपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. आणि १९५९ साली अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडण्यात आले. १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे पहिली दोन व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे निघाली. या केंद्रांतील कामाचा क्रम समजून घेण्याजोगा आहे. येणाऱ्या व्यक्तीची प्रथम वैद्यकीय व मानसशास्त्रीय पाहणी होते. नंतर तिला केंद्रातील कर्मशाळेत निरनिराळ्या कामांचे नमुने प्रत्यक्ष करावयास दिले जातात, व तिच्या उर्वरित क्षमतेचा अंदाज घेतला जातो. आत्मविश्वास किंवा वेग कमी असल्यास काही दिवस कामाची सवय लावली जाते. मग प्रशिक्षण, स्वतंत्र धंदा किंवा नोकरी यांपैकी जे जमेल त्याची शिफारस होते. मालकाची भेट घेणे आणि नेमणुकीनंतर चौकशी ठेवणे हा शेवटचा टप्पा. कागदावर हा टप्पा सर्वांत लहान दिसतो. परंतु सगळ्या आधीच्या श्रमांचे फळ त्यावरच अवलंबून असते. २०१० नंतरच्या दशकात या केंद्रांना राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे असे नवे नाव मिळाले.

कामाची व साधनाची तपासणी म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण नोकरीच्या नव्हे तर अवयवाच्या क्षेत्रातील आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यविशारद डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा जो पाय घडविला, त्याचे मर्म तो स्वस्त होता यातच नाही. आधीचे पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते. भारतीय शेतकरी व कारागीर यांना उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, चिखलातून अनवाणी चालावे लागते. जयपूरच्या पायाने हे काम डोळ्यांसमोर ठेवले. पाय तयार झाला आणि त्याबरोबर शेतही परत मिळाले.

लेखणीच्या कामातही असेच आहे. १९५१ साली भारती ब्रेल ही भारतीय भाषांसाठी समान लिपी निश्चित होईपर्यंत देशात निरनिराळ्या संकेतांचा गोंधळ होता. ती ठरल्यावर अंध विद्यार्थी, शिक्षक व मुद्रणालय यांना एकच पाया मिळाला. आजचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीमुळे अंध कारकुनाला फाइल वाचता येते. पण ती युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या टंकांत तयार केलेला मराठी मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, यंत्राला मात्र तो निरर्थक रोमी चिन्हांचा ढीग असतो. एकाच टेबलावर, एकाच वेतनावर, तोच कारकून पहिल्या फाइलीपुढे समर्थ आणि दुसरीपुढे असमर्थ ठरतो. दोन्ही वेळी त्याची दृष्टी तेवढीच आहे. बदलला तो टंक. अपंगत्व व्यक्तीत किती आणि कामाच्या रचनेत किती, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

ही दृष्टी पुढे अधिक धीट झाली. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याने आपल्या नावातील ‘व्यावसायिक’ हे विशेषण गाळले, तीव्र अपंगत्वाला प्राधान्य दिले, आणि प्रत्येक व्यक्तीसाठी अधिकारी व ती व्यक्ती यांनी मिळून लेखी योजना करावी असे बंधन घातले. १९८६ च्या दुरुस्तीने ‘साहाय्यित रोजगारा’ला मान्यता दिली. आधी शिकवा आणि मग नेमा, हा जुना क्रम येथे उलटला : आधी नेमा, आणि मग त्याच जागी, सोबत एक मार्गदर्शक देऊन शिकवा. मतिमंद म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे उद्योगगृहांत पाकिटे चिकटवावयास बसविले होते अशा पुष्कळांना यामुळे खुल्या बाजारात काम करता आले. १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी हीच रीत तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी पद्धतशीरपणे वापरली, आणि जुन्या पूर्वतयारीच्या पद्धतीपेक्षा तिने अधिक लोकांना नोकरी मिळते, असे तुलनात्मक प्रयोगांतून वारंवार दिसून आले. ‘अजून तयारी झाली नाही’ हे वाक्य किती माणसांचे आयुष्य अडवून बसले होते, हे त्यावरून कळते.

५. टक्केवारीचे राज्य

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती आपल्याकडे विशेष जाचक आहे. सेवा कोणाला द्यावयाची हे कसे ठरवावे?

भारतात याचे उत्तर टक्केवारीने दिले जाते, आणि त्या टक्केवारीची एक पूर्वज १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात दिसते. त्या कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला असता कमाईची शक्ती शेकडा किती गेली असे मानावे, याचा तक्ता आहे. भरपाई चुकती करावयाची तर असा तक्ता लागतोच. गिरणीत बोटे गमावलेल्या कामगाराला वर्षानुवर्षे वाद घालीत बसविण्यापेक्षा ठरलेला आकडा बरा. पण या तक्त्याला धंदा दिसत नाही. तबलजीचे बोट आणि पहारेकऱ्याचे बोट त्याच्या लेखी सारखेच. गेलेल्या गोष्टीची किंमत करण्यासाठी जे माप चालते, ते पुढच्या कामाची शक्यता मोजण्यास उपयोगी पडत नाही.

१९९५ च्या कायद्याने शेकडा चाळीस ही मर्यादा घातली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही आरक्षणासाठी ती कायम ठेवली. वास्तविक २०१६ चा कायदा पुष्कळ उदार आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेले, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व मानसिक आजार यांना प्रथमच आरक्षणात स्थान दिले, आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरविला. व्यक्ती आणि तिच्या वाटेतील अडथळे यांच्या संयोगातून अपंगत्व निर्माण होते, अशी व्याख्याही त्याने केली. २००७ साली भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा हा परिणाम आहे. पण व्याख्येत अडथळे आले तरी दाखल्यावर अद्याप शरीराचाच आकडा लिहिला जातो. उलट १९५५ च्या शिफारशीने, आणि त्याआधी १९२० च्या कायद्याने, ज्याची काम मिळविण्याची व टिकविण्याची शक्यता व्यंगामुळे घटली आहे त्याला अपंग म्हटले होते. शेकडा पस्तीस दृष्टी गेलेला टंकजुळारी आणि शेकडा साठ पाय गेलेला हिशेबनीस यांपैकी सेवेची गरज कोणाला अधिक, याचे उत्तर दाखल्यावर मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आकडा सोडला तर लबाडीला ऊत येईल. भीती निराधार नाही. म्हणून आरक्षणासाठी आकडा राहिला तरी हरकत नाही. परंतु मार्गदर्शन, कामाची पाहणी व नेमणूक या सेवांचे दार त्याच आकड्याने बंद होऊ नये, एवढा विवेक शक्य आहे. जागा वाटताना रांग लावावी लागते. सल्ला देताना लागत नाही.

६. वसाहत, शेत आणि बाजार

निवडक नेमणुकीचे तत्त्व कितीही योग्य असले तरी त्याला समोर एक मालक लागतो. जेथे मालकच दार उघडीत नाही, तेथे काय करावे? महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उत्तर बाबा आमटे यांनी दिले. त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले ते कुष्ठरोग्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या हातांना काम करता येत असूनही ज्यांच्या हातचे कोणी घेत नव्हते अशांसाठी. येथे अडथळा बोटांत कमी आणि समाजाच्या मनात अधिक होता. बाजारच मिळत नसेल तर शेती, विहिरी, विणकाम, बांधकाम असे संपूर्ण अर्थजीवन स्वतःच उभारावयाचे, दानावर जगावयाचे नाही, ही आनंदवनाची भूमिका होती. त्या परिस्थितीत ‘पुन्हा वसविणे’ हाच शब्दाचा अर्थ अक्षरशः खरा ठरला. पण वसाहत हे उत्तर आहे ते बहिष्काराला. बहिष्कार ओसरल्यावरही वसाहतच पुरेशी मानली, तर ती भिंत होते. २०१६ च्या कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींना अस्थिव्यंगाच्याच आरक्षणगटात नोकरीचा हक्क दिला आहे. म्हणजे बाजाराचे दार आता निदान कायद्याने उघडे आहे.

दुसरी गोष्ट ग्रामीण भागाची. गुजरातेत फणसा येथे १९६० साली अंधांसाठी टाटांच्या साहाय्याने शेती व ग्रामोद्योगांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. अंध शेतकऱ्याला शहरात आणून खुर्च्या विणावयास न लावता त्याच्या गावच्या कामाला परत जोडावे, हा त्यामागील विचार अत्यंत मोलाचा होता. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील सुमारे ३६ टक्के काम करणाऱ्या होत्या, पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के. या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक शेतकरी किंवा शेतमजूर होते. आपल्या केंद्रांची, कार्यालयांची व आरक्षणाची रचना मात्र प्रामुख्याने शहरी नोकरीला डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. एका हाताने चालविण्याजोगे खुरपे, बसून भाजी निवडण्याची सोय, बाजारापर्यंत जाणारी एस.टी. चढण्याजोगी असणे, हेही ‘व्यावसायिक पुनर्वसन’च होय, परंतु ते कोणत्या खात्याचे, हे अजून पुरते ठरलेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांचे घरातील श्रम हे काम म्हणूनच मोजले जात नाहीत. मग त्या कामासाठी साधन मागावयाचे कोणाकडे?

७. समारोप

१९५५ च्या शिफारशीत व्यावसायिक पुनर्वसनाचे साध्य दोन क्रियापदांनी सांगितले होते : योग्य काम मिळविणे आणि ते टिकविणे. १९८३ साली त्याच संघटनेने १५९ क्रमांकाचा करार केला, तेव्हा त्यात तिसरे क्रियापद घातले : त्या कामात पुढे जाणे. अठ्ठावीस वर्षांत पडलेली ही एका क्रियापदाची भर या विषयाच्या साऱ्या इतिहासाचे सार सांगते.

आपल्याकडील प्रगती या तीन क्रियापदांवर घासून पाहावी. ‘मिळविणे’ यासाठी आरक्षण आहे, केंद्रे आहेत. ‘टिकविणे’ यासाठी १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढून टाकण्यास बंदी केली, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कठोरपणे लागू केले, आणि २०१६ च्या कायद्यानेही ते संरक्षण चालू ठेवले. परंतु ते सरकारी आस्थापनांपुरते आहे. खासगी कारखान्यात अपघात झालेल्या कामगाराला नुकसानभरपाई मिळते, त्याचे काम बहुधा मिळत नाही. ‘पुढे जाणे’ या तिसऱ्या क्रियापदापाशी आपण जेमतेम पोहोचलो आहोत. अपंग कारकून कारकूनच राहतो, कारण त्याला तेथे नेमताना ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ ‘एवढेच’ असा केलेला असतो.

या विषयाच्या पुढील संशोधनाने म्हणून दोन गोष्टी हाती घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. खडकीची संस्था, मुंबईचे १९५९ चे कार्यालय आणि १९६८ चे केंद्र यांच्या जुन्या नोंदी वाचून, कोणाला कोणते काम दिले गेले आणि ते किती वर्षे टिकले, याचा इतिहास लिहिला जावा. आणि ‘योग्य’, ‘निश्चित’, ‘उर्वरित’, ‘सक्षम’ या शब्दांनी शासकीय मराठीत कोणकोणते अर्थ धारण केले, याची कालक्रमाने पाहणी व्हावी. पहिले काम इतिहासकाराचे, दुसरे भाषाशास्त्रज्ञाचे. दोघांनी मिळून केले तर ‘पुनर्वसन’ या मराठी शब्दात त्याच्या लॅटिन सहोदराचा जो अर्थ आला नाही, म्हणजे गेलेला हक्क परत बहाल करणे, तो व्यवहारात तरी आणता येईल.